इक्बालांची गाळलेली प्रस्तावना

महंमद इक्बाल १९३८ च्या एप्रिलांत लाहोर येथें वारले. ज्या पाकिस्तानचे ते आज राष्ट्रकवि मानले जातात, तें राष्ट्र निर्माण व्हावयास तेव्हां नऊ वर्षें अवकाश होता. इकडे आपल्या शाळांतून त्यांचें १९०४ सालचें हिंदुस्थानचें गौरवगीत अद्यापि गाइलें जातें. एक पक्ष त्यांना या गीतावरून ओळखतो, दुसरा १९३० च्या अलाहाबादच्या अध्यक्षीय भाषणावरून. दोन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु ज्या ग्रंथानें ते तत्त्वज्ञ ठरले तो कालदृष्ट्या या दोहोंच्या मध्यें पडतो, आणि महाराष्ट्रीय वाचकानें तरी त्याकडे डोळेझाक करूं नये.

तो ग्रंथ म्हणजे १९१५ सालीं प्रसिद्ध झालेलें 'अस्रारे खुदी' हें फारसी काव्य. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकून व इराणी अध्यात्मविचारावरील प्रबंधाबद्दल म्यूनिकची डॉक्टरची पदवी मिळवून इक्बाल १९०८ सालीं परतले होते. 'खुदी' म्हणजे अहंकार, असा त्या शब्दाचा हीन अर्थ रूढ होता. इक्बालांनीं त्यास 'स्वत्व' या अर्थानें प्रतिष्ठा दिली. जीवानें ईश्वरांत विरून जाण्याऐवजीं इच्छा, श्रम व प्रेम यांनीं आपलें स्वत्व दृढ करावें, हें त्यांचें प्रतिपादन. सूफी परंपरेस हें रुचलें नाहीं. हाफिजसारख्या लाडक्या कवीवर टीका केल्यामुळें तर वादळच उठलें.

पहिल्या आवृत्तीस जोडलेल्या उर्दू प्रस्तावनेंत इक्बालांनीं श्रीकृष्णाचा मोठ्या आदरानें उल्लेख केला आहे. कर्मत्याग म्हणजे कर्म सोडणें नव्हे, फलाची आसक्ति सोडणें होय, हा अर्थ श्रीकृष्णानें उघड केला, रामानुजांनीं तोच मार्ग धरला, पण शंकराचार्यांच्या मोहक तर्कानें तो पुन्हां झांकला गेला, असें ते म्हणतात. हें वाचून कोणास 'गीतारहस्य' आठवणार नाहीं? मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला लोकमान्यांचा तो ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला तोही १९१५ सालींच. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें, असें मुळींच सुचवावयाचें नाहीं. टिळक मीमांसा व गीता यांच्या वाटेनें आले. इक्बाल कुराण, रूमी व युरोपीय दर्शनें यांच्या.

परंतु एक भेद मोलाचा आहे. अद्वैत मानलें कीं माणसाचे हातपाय गळतात, असें इक्बालांचें गृहीत होतें, म्हणून त्यांनीं अद्वैतावरच कुऱ्हाड घातली. टिळकांनीं अद्वैत जसेंच्या तसें ठेवून फक्त संन्यासपर निष्कर्ष नाकारला. माझ्या मतें येथें टिळकांची बाजू सरस ठरते: सिद्धांत एक व निष्क्रियता दुसरी, हें त्यांनीं आचरणानेंही दाखविलें. उलट, स्वत्वाच्या जोपासनेंतून समाजाचें स्वत्व, आणि त्यांतून वेगळ्या राज्याची मागणी, हा इक्बालांचा प्रवास त्यांच्या तत्त्वज्ञानाशीं कितपत अपरिहार्य होता, याबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे.

पुढच्या आवृत्तींत हाफिजवरील टीका गेली आणि प्रस्तावनाही गळली. श्रीकृष्ण असा ग्रंथाबाहेर पडला. भर्तृहरि मात्र राहिला: १९३२ च्या 'जाविदनामा'मध्यें रूमीचें बोट धरून निघालेल्या कवीस तो स्वर्गांत भेटतो, आणि १९३५ च्या उर्दू काव्यसंग्रहाच्या आरंभींही इक्बालांनीं त्याच्याच आशयाची द्विपदी घातली आहे. वामन पंडितांच्या समश्लोकींतून 'नीतिशतक' ज्यांनीं वाचलें आहे, त्यांना ती सहज ओळखूं येईल.