राजीनामापत्रात कारण लिहावे का? : १९५१ चे एक पत्र

१/ पद सोडताना कारण लिहावे, की दोन औपचारिक ओळींवर थांबावे? स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना पाठवलेले राजीनामापत्र या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

२/ पार्श्वभूमी हिंदू कोड बिलाची. मुलींना वारसाहक्क, एकपत्नीत्व, घटस्फोटाची मुभा अशा तरतुदींचे हे विधेयक १९४७ पासून रखडले होते. अखेर विवाह व घटस्फोट एवढाच भाग पुढे न्यायचे ठरले. सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमे संमत झाली आणि तोही भाग सोडून देण्यात आला.

३/ पत्र छोटे आहे. राजीनाम्याचा विचार जुनाच होता. हे विधेयक संमत होईल या आशेने तो लांबला. आता ती आशा उरली नाही. आरोपांची यादी त्यात नाही.

४/ पुढचा भाग विशेष महत्त्वाचा. राजीनामा तत्काळ अमलात यावा ही इच्छा. तथापि स्वतःच्या नावावरील प्रलंबित विधेयके मार्गी लागेपर्यंत थांबण्याची तयारी. शिवाय सभागृहात निवेदन करण्याचा मानसही त्यांनी कळवला.

५/ ११ ऑक्टोबरला ते निवेदनासाठी उभे राहिले. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. आंबेडकरांनी ती अट नाकारून सभात्याग केला आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले.

६/ पत्रात न आलेले सारे त्या निवेदनात होते : अनुसूचित जातींविषयीची अनास्था, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाला डावलून समित्यांत होणारे निर्णय आणि हिंदू कोड बिलाचा शेवट.

७/ या स्पष्टोक्तीनंतरची वाट सोपी नव्हती. १९५२ मध्ये मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत पराभव झाला. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे आंधळगाव याच जिल्ह्यातले. तेथेही यश आले नाही.

८/ मात्र १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक यांविषयीचे चार स्वतंत्र कायदे संसदेने संमत केले. पत्रात कारण लिहिले नसते, तर १९५१ ची नोंद ‘एका मंत्र्याने पद सोडले’ एवढीच उरली असती.