सत्तर फूट उंचीचा बुद्ध

परगावचा एखादा माणूस आपल्याकडे येऊन गेला आणि घरी परतल्यावर त्याने लिहून ठेवले, की यांच्या डोंगरात सत्तर फूट उंचीची दगडी बुद्धमूर्ती आहे, तर आपण काय करू? मूर्ती शोधू. आणि ती सापडली नाही तर? तर त्या माणसाला थापाड्या ठरवून मोकळे होऊ. ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूच्या बाबतीत नेमके हेच होत आले आहे. आज मी त्याचे वकीलपत्र घेऊन आपल्यापुढे उभा आहे, असे समजा.

हा भिक्षू इ. स. ६४० च्या सुमारास महाराष्ट्रात आला. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी त्या वेळी राज्य करीत होता. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, अशा अर्थाचे त्याने जे लिहिले, ते आपण सभासंमेलनांतून मोठ्या हौसेने सांगतो. गंमत अशी, की तेवढ्यापुरता तो थापाड्या आहे असे कुणीच म्हणत नाही!

याच वर्णनात पुढे तो सांगतो, की देशाच्या पूर्व सीमेवर मोठा पर्वत आहे, त्यातल्या एका अंधाऱ्या दरीत संघाराम आहे, त्याची दालने कड्यात कोरलेली आहेत. अचल नावाच्या अर्हताने तो उभारला. आईच्या उपकारांची फेड म्हणून उभारला, अशी त्यामागची कथा. तेथे शंभर फूट उंचीचा विहार असून आत सत्तर फुटी पाषाणमूर्ती आहे. मूर्तीवर दगडाची सात छत्रे एकावर एक, कोणत्याही आधारावाचून, अधांतरी आहेत. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वायुष्यातील प्रसंग कोरलेले आहेत. दाराबाहेर उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक दगडी हत्ती आहे, आणि हे हत्ती कधी कधी गर्जना करतात असे लोक म्हणतात.

हे वर्णन अजिंठ्याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या संभाजीनगरापासून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. हा प्रवासवृत्तांत वर्गात शिकवून झाला की मी मुलांना तिकडे घेऊन जातो आणि सांगतो, आता ही यादी हातात घ्या आणि एकेक वस्तू ताडून पाहा.

हत्ती लगेच सापडतात. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या जिन्याच्या दाराशी दोन बाजूंना ते दोघे अजून आहेत. गर्जना काही कुणाला ऐकू आलेली नाही, पण पावसाळ्यात वाघूर नदीचा धबधबा त्या कोंडलेल्या दरीत कोसळू लागला, की ही आख्यायिका कशी जन्मली असेल याचा अंदाज करता येतो. मग सव्विसावे लेणे. त्याच्या दर्शनी भिंतीवर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा संस्कृत शिलालेख आहे. अश्मक देशच्या राजाचा मंत्री भव्विराज हा या बुद्धभद्राचा जन्मोजन्मीचा स्नेही. त्याच्यासाठी आणि मातापित्यांसाठी आपण हे लेणे करविले, असे तो सांगतो. जोवर जगात आठवण टिकते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरावर चंद्रसूर्यांइतके टिकणारे स्मारक करावे, असाही एक विचार त्यात आहे. आणि त्याच लेखात, आपल्याआधी असे शैलगृह करविणाऱ्या एका स्थविराचे नाव येते. ते नाव आहे अचल. त्याला लावलेल्या विशेषणांत एक आहे ‘कृतज्ञ’.

आता पाहा. शिलालेख पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यानंतर दीडेकशे वर्षांनी चीनचा माणूस येतो, त्याच्या कानावर तेच नाव पडते, आणि उपकार स्मरणारा म्हणूनच पडते. दगडावर एका शब्दात असलेली गोष्ट लोकांच्या तोंडी आईची कथा होऊन बसलेली. थापाड्या माणसाला हे कसे सुचावे?

पण मूर्ती? सत्तर फूट म्हणजे काय, हे आधी नीट ध्यानात घेऊ. तत्कालीन चिनी फूट आजच्या मापाने साधारण तीस सेंटीमीटर. म्हणजे ही मूर्ती झाली एकवीस मीटरांची. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचा प्रशस्त चैत्य छतापर्यंत अकरा मीटर आहे. त्यात ती उभी राहू शकत नाही. इतकेच काय, जपानमध्ये नारा येथे तोदाई-जी मंदिरात जो अवाढव्य काशाचा बुद्ध बसलेला आहे, तो पंधरा मीटरांचा. तोही या आकड्यापुढे थिटाच पडतो!

नाराचे नाव निघालेच आहे तर दोन शब्द सांगतो, कारण त्या मूर्तीचे धागेदोरे आपल्या या यात्रेकरूशी जुळतात. इ. स. ६५३ मध्ये दोशो नावाचा जपानी भिक्षू चीनला गेला आणि खुद्द ह्युएनत्संगापाशी शिकला. ग्योकी हा या दोशोचा शिष्य, असे परंपरा सांगते. इ. स. ७४३ मध्ये सम्राट शोमूने महाबुद्ध घडविण्याची आज्ञा काढली. त्यात गवताची एक काडी, मूठभर माती आणून देण्याची ज्याची इच्छा असेल त्यालाही सामील करून घ्या, असे म्हटले होते. तेव्हा गावोगाव फिरून लोकांचा हातभार मिळविला तो या म्हाताऱ्या ग्योकीने. मूर्ती पुरी झाली तेव्हा तो हयात नव्हता. इ. स. ७५२ मध्ये नेत्रोन्मीलन झाले. म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखली गेली. तो कुंचला धरणारा भिक्षू भारतीय होता: बोधिसेन. कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या. पुढे भूकंपाने मूर्तीचे मस्तक पडले, दोनदा मंदिर जळाले, आणि दर वेळी ते पुन्हा उभे केले गेले. आज दिसणारे मस्तक सतराव्या शतकातले आहे.

तिकडे इतके हात लागले. इकडे अजिंठ्याला मात्र काही शतकांत सारे सामसूम झाले आणि १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला दहावे लेणे दिसेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

एकदा एका विद्यार्थिनीने मला सरळच विचारले, “सर, हत्ती खरे, अचल खरा, मग मूर्तीच तेवढी खोटी कशी?” प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन बामियानचे प्रकरण पुन्हा वाचले तेव्हा वाट सापडली.

अफगाणिस्तानातील बामियानला ह्युएनत्संग इ. स. ६३० च्या सुमारास होता. तेथल्या कड्यातला थोरला उभा बुद्ध त्याने एकशेचाळीस-पन्नास फुटांचा सांगितला, धाकटा शंभर फुटांचा. मार्च २००१ मध्ये या दोन्ही मूर्ती सुरुंग लावून उडविण्यात आल्या. पण त्यांची मापे त्याआधीच घेतलेली होती. थोरली सुमारे पंचावन्न मीटर, धाकटी अडतीस. हिशेब करून पाहिला तर चिनी फुटांत यात्रेकरूने दोन्ही मूर्ती आहेत त्याहून लहानच सांगितल्या! धाकटी धातूची आहे असे त्याला वाटले, ते चुकले. पण उंचीच्या बाबतीत जे स्वतः पाहिले ते त्याने फुगवले नाही.

म्हणून माझा तर्क असा, की अजिंठ्याला तो गेलाच नाही. सीमेवरच्या त्या दरीविषयी त्याने कुणाच्या तरी तोंडून ऐकले. ऐकलेल्या गोष्टीत नाव शाबूत राहते, हत्ती शाबूत राहतात. फुगतो तो आकडा. सात छत्रांचेच घ्या. एकोणिसाव्या लेण्यात स्तूपाच्या दर्शनी भागावर उभा बुद्ध कोरलेला आहे आणि स्तूपाच्या माथ्यावर एकावर एक तीन दगडी छत्रे थेट छताच्या कमानीपर्यंत गेली आहेत. अंधारात, पणतीच्या उजेडात, खालून वर पाहणाऱ्याला ती अधांतरीच वाटणार. तीनाची सात व्हायला दोनचार तोंडे पुरतात. तेथला बुद्धही याच रीतीने सत्तर फुटांचा झाला असेल, असे मला वाटते. सिद्ध मात्र करता येत नाही.

बामियानच्या वर्णनात आणखी एक आकडा आहे, आणि तो तर फारच अवघड आहे. तेथे हजार फूट लांबीचा निजलेला बुद्ध आहे, असे तो लिहितो. इतका लांब बुद्ध आजवर कुणाला मिळाला नाही. पण २००८ मध्ये तेथे उत्खनन करणाऱ्यांना एका निजलेल्या बुद्धमूर्तीचे तुकडे सापडले. मूर्ती एकोणीस मीटर लांबीची होती.

हे मी मुलांना सांगतो ते सव्विसाव्या लेण्यात, डाव्या भिंतीशी. तेथे आपलाही निजलेला बुद्ध आहे. महापरिनिर्वाणाचा प्रसंग, लांबी सुमारे सात मीटर. उजव्या कुशीवर, उशीवर गाल टेकून तो पहुडला आहे. मंचकाखाली शोक करणारे शिष्य ओळीने बसले आहेत आणि वर आकाशात देवांचा आनंद चालला आहे. पायांपाशी हातावर डोके टेकून बसलेला तो आनंद, असे सांगतात. पहारेकऱ्याने दिवा जरा खाली धरला की त्या शिष्यांच्या मुद्रा दिसू लागतात. मागच्या खेपेला मुलांनी मूर्तीच्या कडेने चालत पावले मोजली. एकाची दहा भरली, दुसऱ्याची बारा. दोघे तिथेच हुज्जत घालू लागले, आणि बाहेर पडेपर्यंत तिसरा कुणीतरी पंधरा सांगत होता.