खत नवं, कर्ज जुनं

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. धान्य लुटलं गेलं, पुढे काही ठिकाणी घरंही पेटवली गेली. पण जमावाची पहिली मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती: वह्या आणि कर्जखतं बाहेर काढा. मिळाली तिथे त्यांची होळी झाली. पुढच्या दोनेक महिन्यांत हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचलं, तीसहून अधिक गावं त्यात सापडली, ९५१ लोकांना अटक झाली. पण ज्याचा राग होता त्या सावकाराचा जीव घेण्यापेक्षा लोकांना त्याच्या कपाटातला कागद जाळण्यात जास्त रस होता.

दख्खनच्या दंग्यांची कारणं आपण शाळेत पाठ केलेली असतात. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून इथल्या कापसाला भाव आला आणि कर्जही सहज मिळू लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो बराच वाढवला. हे सगळं खरंच आहे. पण त्यातून शेतकरी कर्जबाजारी का झाला एवढंच कळतं. कागद का जाळले, याचं उत्तर मिळत नाही.

मी एका कर्जखात्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यात प्रत्येक कर्जप्रकाराला एक सेटिंग असतं: थकलेलं व्याज मुद्दलात कधी मिळवायचं? महिन्याला, तिमाहीला, वर्षाला की कधीच नाही? व्याजदराच्या सेटिंगवर बैठकांमागून बैठका होतात. या दुसऱ्या सेटिंगकडे सहसा कोणी वळून बघत नाही. दख्खनच्या दंग्यांबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं, की सगळी गोष्ट या दुसऱ्या सेटिंगचीच आहे.

हा प्रश्न जुना आहे. ‘चक्रवाढ’ हा आपला शब्द धर्मशास्त्रातल्या ‘चक्रवृद्धी’वरून आला, आणि मनुस्मृतीत चक्रवृद्धी ही घेऊ नये अशा व्याजांच्या यादीत आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये व्याजावरच्या व्याजाचं गणित सोडवायची रीत दिली, तीही वर्गसमीकरणाची. म्हणजे गणित माहीत होतं, व्यवहारात ते चालतही होतं, आणि त्याची भीतीही होती. या भीतीतूनच एक साधा नियम आला: दामदुपट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे मागा, मग मध्ये दहा वर्षं जावोत की तीस. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या न्यायालयांनीही मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला.

नियम असा पक्का होता, तर गेला कुठे?

दोन कायदे पाहा. १८२७ च्या नियमाने मुंबई इलाख्यात व्याजावर वर्षाला १२ टक्क्यांची मर्यादा होती, ती १८५५ च्या कायद्याने उठली. मग १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जखताच्या जोरावर सावकाराला तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल, असं त्यात ठरलं. हेतू बरा होता. सावकाराने वर्षानुवर्षं व्याज साचू देऊ नये, वेळीच हिशेब मिटवावा. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून घ्यायचा: दावा लावू की खत पालटून देतोस? कुणब्याकडे पैसे नसायचे. मग नवं खत व्हायचं. मुद्दल अधिक तीन वर्षांचं व्याज, ही सगळी रक्कम नव्या खतात ‘मुद्दल’ म्हणून लिहिली जायची. खाली अंगठा.

या एका ओळीत दामदुपट निकामी झाली. नियम म्हणत होता, व्याज मुद्दलाहून जास्त नको. नव्या खतात तर व्याज शून्य होतं! कोर्टापुढे कागद यायचा तो नवा, आणि त्यात जुन्या कर्जाची काही खूणच नसायची.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आलेल्या एका अर्जात असा हिशेब मांडलेला आहे. शंभर रुपये कर्ज, दर महिना शेकडा तीन रुपये दोन आणे. म्हणजे वर्षाला साडेसदतीस टक्के. दर तीन वर्षांनी खत पालटलं. बारा वर्षांनंतरचा आकडा दोन हजार रुपयांच्या वर गेला. मी हेच पुन्हा मांडून पाहिलं. दर तोच, बारा वर्षं तीच, बदलतो तो फक्त व्याज मुद्दलात मिळवण्याचा काळ:

दामदुपट पाळली आणि खत पालटलं नाही, तर २०० रुपये.
सरळव्याज, मर्यादा नाही: ५५० रुपये.
दर तीन वर्षांनी नवं खत: २,०३९ रुपये.
दरवर्षी चक्रवाढ: ४,५६७ रुपये.
दरमहा चक्रवाढ: सुमारे ८,४०० रुपये.

याकोब बर्नुलीने सतराव्या शतकाच्या अखेरीस विचारलं होतं, की हा काळ आणखी आणखी लहान करत क्षणापर्यंत नेला तर काय होईल? रक्कम अनंत होते का? नाही होत. आपल्या उदाहरणात ती ९,००२ रुपयांच्या आसपास थांबते. या प्रश्नातूनच गणितातला e हा स्थिरांक पुढे आला. म्हणजे पटीत पाहिलं तर सगळ्यात मोठी उडी तळाशीच आहे, ‘कधीच नाही’पासून ‘कधीतरी’पर्यंतची.

एक गणित मला जास्त बोचलं. समजा सावकार प्रामाणिक आहे, दर खताला दामदुपट पाळतो. तीन वर्षांचं व्याज ११२ रुपये ८ आणे होतं, तो शंभरच लावतो. तरी दर खताला रक्कम दुप्पट: २००, ४००, ८००, १,६००. एकदाही नियम न मोडता शंभराचे सोळाशे.

सावकाराची बाजूही इथे मांडायला हवी. आजचे शंभर आणि बारा वर्षांनंतरचे शंभर सारखे नसतात. पावसावरची शेती, बुडीत कर्जं, पैसा अडकून पडणं, या सगळ्याची किंमत दरात येतेच, आणि ती मागण्यात मुळात पाप नाही. पण हीच फूटपट्टी कुणब्याकडे वळवा. वर्षाला साडेसदतीस टक्के दराने, बारा वर्षांनी हाती येणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत भरते दोन रुपये एकोणीस पैसे. साऱ्याचा हप्ता रोखीत आज भरायचा आहे, आणि तो भरायला दुसरं कोणी पैसे देत नाही, म्हणून या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य मातीमोल दराने विकलं जात होतं. पैशाला काळाचं मोल असतं खरं, पण ते मोल ठरवताना दोघांपैकी एकाला थांबता येत नव्हतं.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली मला सगळ्यात शहाणी वाटणारी तरतूद दराबद्दल नाहीच. कोर्टाने समोरच्या खतावर थांबू नये, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जावं, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगवेगळा मांडावा, व्याज सरळ धरावं, असं तो कायदा सांगतो. आमच्या भाषेत सांगायचं, तर शेवटची शिल्लक खरी मानू नका, सगळी नोंदवही पहिल्यापासून पुन्हा चालवा. शिवाय सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा, आणि खत गावच्या निबंधकापुढे नोंदवायचं. नोंदलेल्या खताची मुदतही बारा वर्षांवर नेली, म्हणजे पालटायची सबब उरू नये.

यातूनही वाट निघालीच. कर्जखत धोक्याचं झालं, तेव्हा सावकार जमिनीचं खरेदीखतच लिहून घेऊ लागले. कागदावर कर्ज नाही, मग व्याजही नाही आणि चौकशीही नाही.

आज हा वाद संपला आहे असं वाटत असेल, तर तसं नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केलं, की बँकेने रीतसर मुद्दलात मिळवलेलं व्याज मुद्दलच होतं. २०२० च्या टाळेबंदीत हप्ते थांबले, पण थांबलेल्या हप्त्यांच्या व्याजावर व्याज लागावं का, हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयात गेला, आणि मार्च २०२१ मध्ये त्या सहा महिन्यांपुरतं उत्तर आलं: नाही. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दंडाची रक्कम मुद्दलात मिळवायला मनाई केली. अल्प आणि अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांच्या अल्पमुदती कर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त लावू नये, असंही तिच्या परिपत्रकांत आहे. नाव नाही लिहिलेलं, पण ही आपली दामदुपटच.

शाळेत चक्रवाढ व्याजाचं सूत्र शिकवताना P म्हणजे मुद्दल असं सांगून पुढे जातात. सुप्याच्या बाजारात जमलेल्या माणसांना ते सूत्र येत नव्हतं. पण कोणत्या आकड्याला मुद्दल म्हणायचं हे त्या कागदावर ठरतं आणि ते दुसरंच कोणी ठरवतं, एवढं त्यांना नेमकं कळलं होतं. आता वही कपाटात नसते, आणि जाळण्यासारखा कागदही नसतो. म्हणून कर्जाचा करार हाती आला, की दर वाचून झाल्यावर एक ओळ अजून शोधावी: न भरलेलं व्याज मुद्दलात कधी जातं? बारा वर्षांत शंभराचे साडेपाचशे होणार की साडेचार हजार, ते दर सांगत नाही. ती ओळ सांगते.