श्रीशंकर आज्ञेवरून

मनुष्याने संसारात वावरताना कोणाच्या आज्ञेत राहावे, हा प्रश्न जितका जुना तितकाच नित्य नवा आहे. घरात वडीलधारी मंडळी, गावात पुढारी, कचेरीत वरिष्ठ, संस्थेत अध्यक्ष व चिटणीस. पावलोपावली कोणी ना कोणी आपणास वाट दाखवीत असतो आणि ती वाट बहुधा आपण निमूटपणे चालतो. या सर्वांच्या वर ईश्वर आहे असेही आपण म्हणतो. मग दोहोंचे सांगणे परस्परविरुद्ध दिसले तर काय करावे? याचे उत्तर नुसत्या उपदेशाने मिळत नाही. ते कोणाच्या तरी आचरणात शोधावे लागते. म्हणून पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्रातील काही प्रसंग आपल्या ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. २०२५ साली त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. उत्सव संपले; आता चरित्राचे मनन व्हावे, एवढाच हेतू.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी झाला. हे गाव पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. त्या काळच्या रूढीस अनुसरून अहिल्याबाई सहगमनास सिद्ध झाल्या असता वृद्ध मल्हाररावांनी त्यांची विनवणी करून त्यांना परावृत्त केले. पुत्र गेला, आता सूनच आपला आधार, असे त्या शोकाकुल सासऱ्याचे म्हणणे होते. अहिल्याबाईंनी ते मानले.

हा प्रसंग मी मुद्दाम प्रथम सांगितला. ईश्वराचे मार्गदर्शन मानणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा शब्द झिडकारणे, असा समज कोणाचा होऊ नये. जो शब्द आपणास कर्तव्याकडे नेतो, तो मनुष्याच्या मुखातून आला तरी ईश्वराचाच मानावा.

याच्या उलट प्रसंग तेरा वर्षांनी आला. १७६६ साली मल्हारराव निवर्तले आणि १७६७ साली अहिल्याबाईंचे एकुलते पुत्र मालेराव हेही गेले. पती, सासरा व पुत्र गमावलेली ही स्त्री राज्य ते काय सांभाळणार, असे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांस वाटले. एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, बाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे आणि कारभार दिवाणांनी पाहावा, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला बाईंच्या हिताचा म्हणून पुढे आला. त्यात हित मात्र दिवाणांचे होते. अहिल्याबाईंनी तो साफ नाकारला. तेव्हा दिवाणांनी राघोबादादांस पाचारण केले आणि दादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठापर्यंत येऊन ठेपले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी माधवराव पेशव्यांस व शेजारच्या सरदारांस पत्रे धाडली, तुकोजी होळकरांस सैन्यासह पुढे केले आणि स्वतःही युद्धाची सिद्धता केली. माधवरावांनी बाईंचा पक्ष घेतला व दादांस माघार घ्यावी लागली.

एकदा सासऱ्याची विनंती मानणारी ही स्त्री दुसऱ्या वेळी अनुभवी दिवाणाचा सल्ला व पेशव्यांच्या चुलत्याची फौज यांस नमत नाही, याचे रहस्य काय? रहस्य असे की, सांगणारा कोण हे न पाहता सांगणे कोठे नेते, हे त्यांनी पाहिले. एक शब्द कर्तव्याकडे नेत होता, दुसरा कर्तव्य सोडावयास लावीत होता.

पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वर येथून राज्य केले. राज्य श्रीशंकराचे, आपण केवळ त्याची सेवा करणाऱ्या, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांची आज्ञापत्रे श्रीशंकराच्या नावाने, ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ निघत. सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानविषयीचा आपला ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध केला. माळव्यातील लोकांकडून चौकशी करून त्याने बाईंची दिनचर्या त्यात नोंदली आहे. त्या पहाटेपूर्वी उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व साधे भोजन आटोपून दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येत आणि सूर्यास्तापर्यंत लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. सायंकाळी पुन्हा पूजाअर्चा व अल्पाहार झाल्यावर रात्री नऊ ते अकरा कारभार चाले. देवाच्या नावाने राज्य चालविणारी ही स्त्री देवघरात बसून राहिली नाही. देवघरातून उठून ती थेट फिर्यादीच्या समोर बसली, हे विसरता कामा नये.

येथे एक शंका उपस्थित होईल. देवाचे नाव पुढे करून स्वतःचेच म्हणणे रेटणारे लोक इतिहासात थोडे झाले नाहीत. मग खरे कोणते व खोटे कोणते, हे ओळखावे कसे? माझ्या अल्पमतीस एक खूण दिसते. अहिल्याबाईंनी देवाच्या नावाने जे केले, त्यात त्यांचा स्वतःचा लाभ शोधून सापडत नाही. होळकरांच्या खासगीचा मोठा संचय त्यांनी तुलसीपत्र ठेवून धर्मकार्यास अर्पण केला. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा त्यातून झाल्या. इंदुरातील एक धनिक सावकार निपुत्रिक वारला तेव्हा तुकोजींची दृष्टी त्याच्या संपत्तीवर गेली. परंतु त्याची विधवा महेश्वरास येऊन दाद मागताच बाईंनी सर्व धन तिच्याच स्वाधीन ठेवले आणि तुकोजींस इंदुरातून तळ हलविण्यास फर्माविले. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मग नर्मदेत टाकावयास सांगितले. ज्या आज्ञेने आपली तिजोरी भरते, ती देवाची असण्याचा संभव थोडा. जी आपल्या पदरास खार लावते, ती त्याची असू शकेल.

तथापि या मार्गात दुःख नाही असे नव्हे. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले. कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने तिच्यापुढे लोटांगण घातले, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून विनविले, मुलगी ऐकेना. मातेने नर्मदेकाठी उभे राहून ते दृश्य पाहिले व नंतर तीन दिवस अन्न घेतले नाही. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याच्या विनवणीने जी वाचली, तिच्या विनवणीने तिची लेक वाचली नाही. रूढीलाच देवाची आज्ञा समजण्याचा केवढा हा अनर्थ! आईच्या अश्रूंत देव बोलत होता, असे मला तरी वाटते. पण रूढीच्या गजरात तो ऐकू आला नाही. ती रूढी १८२९ साली इंग्रजी अमलात कायद्याने बंद झाली.

आता थोडे स्वतःविषयी. मी एका शाळेत शिक्षक असताना वार्षिक परीक्षेत पहिला आलेला मुलगा एका मजुराचा होता. संस्थेच्या एका चालकांनी मला बोलावून, गावातील एका वजनदार गृहस्थांच्या मुलाचे गुण वाढवावयास सांगितले. वरिष्ठांची आज्ञा म्हणून मी ते वाढविले. बक्षीस त्या मुलास मिळाले, मजुराचा मुलगा खाली मान घालून घरी गेला. त्याच आठवड्यात मी वर्गात अहिल्याबाईंचा धडा शिकविला होता. आज्ञा दुसऱ्याची होती खरी, पण लेखणी माझ्या हाती होती. त्या गुणपत्रकाच्या माथ्यावर ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असे लिहावे लागले असते, तर माझा हात खचित थांबला असता. हा विचार सेवानिवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडीत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणी राज्य चालवीत नाही. परंतु वाटणीपत्र, वजनकाटा, सोयरिकीची बोलणी, संस्थेचा हिशेब हेच आपले राज्य होय. त्यात पुढाऱ्यांचा मान राखावा, वडिलांचे ऐकावे. मात्र कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर मनातल्या मनात ती तीन अक्षरे लिहून पाहावी: शंकर. ज्यांचे दैवत निराळे असेल त्यांनी त्याचे नाव घ्यावे. लिहवली तर सही करावी. न लिहवली तर लेखणी खाली ठेवावी, मग सांगणारा कितीही मोठा असो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी ही साध्वी कैलासवासी झाली. तिची खरी पूजा तिच्या पुतळ्यास हार घालण्यापेक्षा या एका सवयीने अधिक घडेल, असे नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करतो.