पेट्रोलचा वास, जुन्या गाड्या आणि ई-२० : थोडा इतिहास, थोडं कामाचं

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण घरात जुनी पेट्रोल गाडी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या गावातल्या तीन-चार गॅरेजवाल्यांशी हल्ली बोललो. "गाडीत पेट्रोलचा वास येतो" ही तक्रार घेऊन लोक येतात, पण महिना-दोन महिने वास सहन करून मग येतात. का? कारण पेट्रोलची गाडी म्हणजे थोडा वास असणारच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

ते बसलं त्यालाही कारण आहे. माझ्या लहानपणी फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. दोन्हींना कार्बोरेटर. त्याच्या वाटीतला फ्लोट नीट बसला नाही की पेट्रोल ओसंडायचं, चोक जास्त ओढला की इंजिन फ्लड व्हायचं. घाटात पंप तापला की पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबायची, मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून बसायचा. टाकीतली वाफ सरळ हवेत जायची. म्हणजे वास हा बिघाड नव्हताच, गाडीची रचनाच तशी होती.

ही रचना बदलायला लावली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्याने. १९५० च्या आसपास हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पेट्रोलची वाफ आणि गाड्यांचा धूर उन्हात एकत्र आले की डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार होतं. पुढे १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेत टाकीची वाफ अडवणं सक्तीचं झालं. त्यासाठी आला कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर. वाफ कोळशात धरून ठेवायची आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळायची.

आपल्याकडे हे उशिरा आलं. १९८३ ला आलेली मारुती ८०० सुद्धा कार्बोरेटरवरच होती. २००० पासून नियम कडक होत गेले तसे इंजेक्शन आणि कॅनिस्टर कारमध्ये रुळले. दुचाकींना वाफेचा नियम लागला तो बीएस-४ बरोबर, २०१७ मध्ये.

म्हणून सरळ हिशेब: गेल्या वीसेक वर्षांतल्या कारमध्ये पेट्रोलचा वास येता कामा नये. आला तर बिघाड आहे.

कुठला, ते वास कधी येतो त्यावरून बरंचसं कळतं.

👉 टाकी फुल केल्यावरच येतो: झाकणाचं रबर गेलंय, किंवा कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलंय. नोझल आपोआप बंद झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणायची आपली सवय याला कारण ठरते. कॅनिस्टर वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही.
👉 मागच्या सीटजवळ येतो: बऱ्याच गाड्यांत पंप सीटखाली टाकीत असतो. त्याचं सील किंवा वरचा पाइप बघा.
👉 ब्लोअर लावला की येतो: बॉनेटखाली गळती. इंजेक्टरची ओ-रिंग, रबरी पाइप, क्लॅम्प.
👉 सायलेन्सरमधून येतो, अ‍ॅव्हरेज पडलंय: पेट्रोल जळत नाही. प्लग, सेन्सर, इंजेक्टर.

गळती दिसली तर स्टार्टर मारू नका, गाडी ढकलून मोकळ्यावर घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. बंद गॅरेजमध्ये दिव्याचं बटण दाबलं तरी ठिणगी पुरते.

आता सार्वजनिक प्रश्न. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली झाले, ते आपल्या मिरज आणि मनमाडला, आणि उत्तर प्रदेशात बरेलीला. २००३ मध्ये ५ टक्के, २०२२ मध्ये १० टक्के, आणि २०३० चं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं. उसाला भाव आणि परकीय चलनाची बचत, दोन्ही खरंच हवंय. ऊसपट्ट्यात राहून मी इथेनॉलला नावं ठेवणार नाही.

पण इथेनॉलमुळे जुन्या पद्धतीचं काही रबर फुगतं, कडक होतं, चिरतं. हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं: काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ आहे. ई-२० ला चालणारं साहित्य गाड्यांत येऊ लागलं ते मुख्यतः २०२३ पासून. त्याआधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाही, नाक्यावरच्या गॅरेजला जातात. त्यांना हे सांगितलं कोणी?

१९७० च्या नियमाने वाफेची जबाबदारी गाडी बनवणाऱ्यावर टाकली होती. आता ती गुपचूप मालकाच्या खिशावर आलीय. म्हणून मागणी साधी आहे. पंपावर मिश्रणाचं प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. कंपन्यांनी कुठल्या मॉडेलचे कुठले पाइप बदलायचे याची यादी जाहीर करावी. आणि आरटीओने गॅरेजवाल्यांसाठी तालुक्याला एक शिबिर घ्यावं.

तोवर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढंच म्हणा: "दादा, ऑइल बदलताय तर पेट्रोलचे पाइपही हाताने दाबून बघा." तुमच्या गाडीचं मॉडेल, साल आणि काय बदलावं लागलं ते कमेंटमध्ये टाका. यादी करून निवेदनासोबत देऊ.