हिब्रू नाममुद्रा

व्यक्तीच्या वा संस्थेच्या नावाची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून केलेले चिन्ह म्हणजे नाममुद्रा किंवा मोनोग्राम. ग्रीक व लॅटिन लिप्यांत ही कला सहज रुजली. हिब्रूत मात्र लिपीची घडण आणि धर्माचार असे दोन्ही अडसर तिच्या वाटेत आले. चौकोनी हिब्रू लिपीत २२ व्यंजनाक्षरे असून ती उजवीकडून डावीकडे सुटी लिहितात; मोठ्या व लहान अक्षरांचा भेद तीत नाही. दालेत व रेश यांत केवळ कोपऱ्याचा, तर हे व हेत यांत डाव्या पायावरील फटीचा फरक असतो. त्यामुळे अक्षरे जोडू गेल्यास भलतेच अक्षर तयार होते; दालेतच्या पोटात योद बसविला, की तो ‘हे’ वाचला जातो. तोरा पोथीत तर प्रत्येक अक्षराभोवती कोरे चर्मपत्र राहिलेच पाहिजे, असा लेखनिकांचा दंडक आहे.

तरीही अक्षरांतून चिन्ह घडविण्याची प्रथा जुनी आहे. पर्शियन अमलाखालील येहुद प्रांतातील रांजणांच्या कानांवर प्रांताचे नाव कधी पूर्ण, कधी तीन, तर कधी दोनच अक्षरांत उमटविलेले आढळते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ठशांवर पंचकोनी तारकेच्या टोकांमधील जागांत जेरूसलेमच्या नावाची पाच अक्षरे प्राचीन हिब्रू लिपीत बसविली आहेत. एकही अक्षर न जोडता साधलेली ही मांडणी नंतरच्या अनेक गुंतागुंतीच्या मुद्रांहून सरस वाटते.

रूढ झालेले जोडाक्षर जवळजवळ एकच, आलेफ-लामेद. या दोन अक्षरांनी ‘एल’ म्हणजे ईश्वर हा शब्द होतो. तो उघडपणे लिहिणे टाळण्यासाठी ती एकत्र केली गेली, असे सामान्यतः मानतात. ज्यू-अरबी हस्तलिखितांत मात्र ‘अल’ या उपपदासाठी ते सर्रास येते. योद व हे यांनी ईश्वराचे संक्षिप्त नाम होते. म्हणूनच १५ हा आकडा १० व ५ असा न लिहिता ९ व ६ असा लिहितात. हीच आद्याक्षरे असलेल्या व्यक्तीची मुद्रा करताना योजकापुढे पेच पडतो, कारण ईश्वरनाम लिहिलेला कागद टाकून देता येत नाही. तो गेनिझात ठेवावा लागतो.

एकाक्षरी चिन्हांना असा पेच नाही. मेझुझाच्या वेष्टनावरील शिन हे ‘शद्दाय’ या ईश्वरनामाचे आद्याक्षर होय. कोकणातील बेने इस्राएलांच्या दारांच्या चौकटींवरही मेझुझा लावण्याची चाल आहे.