बटणामागचा उजेड

आकाशकंदिलात बल्ब साधाच असतो, रंग कागदाचा असतो. मोटारीतल्या एसीच्या पॅनलमागचा हिरवा उजेडही कित्येक वर्षं असाच होता. जुन्या गाडीचं पॅनल उघडलं की मागे करंगळीच्या नखाएवढा काचेचा बल्ब सापडतो आणि त्याच्या डोक्यावर हिरव्या किंवा निळ्या रबराची टोपी असते. टोपी काढा, खाली तोच घरच्या बल्बसारखा पिवळट उजेड. हौशी लोक हा बल्ब काढून आपल्या पसंतीच्या रंगाचा एलईडी बसवतात, तेव्हा एक आक्षेप हमखास निघतो: कंपनीने डोळ्यांचा विचार करून दिलेला रंग तुम्ही कशाला बदलता? या आक्षेपात धरून चाललेली गोष्ट अशी, की मूळचा रंग विचारपूर्वक निवडलेला होता. पॅनलच्या उजेडाचं कुळ शोधत मागे गेलं तर बहुतेक वेळा वेगळंच आढळतं. ज्या काळात जो दिवा हाताशी होता, त्याचा रंग पॅनलला मिळाला. त्या रंगाचं समर्थन मागाहून आलं. म्हणून रंग बदलण्याच्या हौसेला मी बेअदबी मानत नाही. ती कुठे चुकते तेही या कुळकथेतच सापडतं.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे उभी केलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. घोडा गेला, इंजिन आलं, फळी राहिली, आणि हळूहळू तिच्यावर काटे, दांडे, बटणं येऊन बसली. त्यात एसीचं बटण बरंच उशिरा आलं. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच बसवून आलेला एसी दिला, पण त्याचा कॉम्प्रेसर बंद करायची सोय डॅशबोर्डवर नव्हती. एसी नको असेल तर इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवायचा. हवा थंड करणारी यंत्रणा तर मागे डिकीत, सामानाची निम्मी जागा अडवून. १९५४ साली नॅश कंपनीने हीटर, ब्लोअर आणि एसी अशी सगळी व्यवस्था एकत्र करून गाडीच्या पुढच्या भागात आणली आणि तिचे दांडे चालवणाऱ्याच्या हाताशी दिले. कॅडिलॅकच्या १९६४ च्या गाड्यांत त्याच्याही पुढचं पाऊल पडलं: तापमान सांगा, गरम-थंड हवेचं मिश्रण यंत्र स्वतः करील. बॉनेटखालचं काम असं बोटांपर्यंत पोचलं, आणि त्याबरोबर एक नवी अडचण उभी राहिली. स्पीडोमीटर नुसता पाहायचा असतो, तोही समोर असतो. एसीचं पॅनल खाली आणि बाजूला असतं, आणि ते पाहून पुन्हा हाताने शोधायचं असतं. तिथला उजेड शोभेसाठी नाही. नजर रस्त्यावरून जितका वेळ हटते, त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

हा उजेड हिरवाच का झाला? टोपीच्या आधीची पिढी पाहिली तर झिंक सल्फाइड या एका पदार्थापाशी आपण पोचतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात घड्याळांच्या आणि विमानांतल्या यंत्रांच्या तबकड्या अंधारात वाचता याव्यात म्हणून त्यांवर रेडियमचा रंग लावत. चमकत होतं ते रेडियम नव्हे. रेडियमच्या किरणांनी त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड हिरवट चमके. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली कुंचल्याचं टोक ओठांनी निमुळतं करून हे आकडे रंगवत, आणि त्यांतल्या अनेकींच्या जबड्याची हाडं सडली, अनेकींचा जीव गेला. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचा इतिहास सांगताना हे ओलांडून पुढे जाता येत नाही. पुढे १९३६ मध्ये जॉर्ज देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं, की झिंक सल्फाइडला रेडियमची गरजच नाही. बदलत्या विद्युतक्षेत्रात धरलं तरी ते उजळतं. त्याच गुणाचा उपयोग करून १९६० च्या क्रायस्लर गाड्यांमध्ये बल्बशिवाय उजळणाऱ्या तबकड्या आल्या. आकडे स्वतःच निळसर हिरवे तेवत. पाहणाऱ्याला हा रंग भविष्यातला वाटावा असा होता. खरं तर तो त्या भुकटीचाच रंग होता. मंद उजेडात डोळा हिरव्या-निळसर भागाला सर्वांत जास्त जागा असतो हे खरं आहे, पण तो योग जुळून आलेला होता. नंतरच्या गाड्यांत परत साधा बल्ब आला तोवर 'पॅनल म्हणजे हिरवं' ही सवय पक्की झाली होती, आणि माझ्या मते रबराची हिरवी टोपी ही त्याच सवयीची वारस.

याला उत्तर म्हणून लाल रंगाकडे बोट दाखवलं जाईल, आणि ते उत्तर भक्कम आहे. अंधारात पाहण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात, त्यांतलं रंगद्रव्य लाल उजेडाने फारसं खर्ची पडत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांमध्ये आणि वैमानिकांच्या कक्षात लाल दिवे लावले गेले. बीएमडब्ल्यूने पुढे कित्येक वर्षं आपल्या गाड्यांत नारिंगी-तांबडा उजेड ठेवला, त्यामागेही हाच विचार होता. इथे शास्त्र आधी आलं आणि दिवा मागून, हे मान्य केलंच पाहिजे. पण वैमानिकांच्या लाल दिव्याची गोष्ट इथे संपत नाही. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा नाहीशा होत. कागद लाल, रेघ लाल, दिसणार काय? अखेर अनेक ठिकाणी लाल दिव्याच्या जागी मंद पांढरा दिवा आला. एसीच्या पॅनलवर असाच घोटाळा होतो. तापमानाच्या गोल बटणाभोवतीचा तो अर्धगोल पट्टा आठवा: थंडीकडे निळा, उष्णतेकडे लाल. तो रंगीत पारदर्शक थर असतो, आकाशकंदिलाच्या कागदासारखा. मागे लाल एलईडी लावला की लाल भाग झगझगतो आणि निळा भाग काळा पडतो, कारण त्यातून गाळून जाण्यासाठी लाल एलईडीच्या उजेडात निळं काही नसतंच. निळा लावला की उलट होतं. टोपी नसलेल्या पिवळट बल्बमध्ये सगळे रंग थोडेफार असत, म्हणून दोन्ही बाजू दिसत. एकाच रंगाच्या उजेडाने पॅनल देखणं होतं, पण पट्ट्याचा अर्धा अर्थ पुसला जातो.

आता एलईडीचं स्वतःचं कुळ. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी बनवला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा दिला. निळ्याने मात्र सगळ्यांना ताटकळत ठेवलं. जपानमधल्या तोकुशिमा प्रांतात, आनान या छोट्या शहरातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर काम करून १९९३ मध्ये झळझळीत निळा एलईडी पुढे आणला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळा थर देऊन पांढराही लगेच जमला. आणि १९९७ च्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये फोक्सवॅगनने निळी तबकडी आणि लाल काटे दिले. डोळ्याच्या शास्त्राने निळ्याची शिफारस कधी केली नव्हती, उलटच आहे. नजरेच्या अगदी मध्यावर, जिथे आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे निळा टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात; म्हणून निळं अक्षर रात्री कडेला पसरल्यासारखं वाटतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तोच निळा गरजेपेक्षा उजळही भासतो. तरी निळा आला, कारण तो नवा होता. कंपन्यांनी नव्या दिव्याचा मोह आवरला नाही, मग मालकाकडूनच ती अपेक्षा का?

याच निळ्याने हौसेला हत्यार दिलं. एलईडी बदलण्याला जपानी हौशी मंडळी 'उचिकाए' म्हणतात, म्हणजे बसलेलं काढून त्या जागी दुसरं बसवणं. त्यात एसीचं पॅनल सर्वांत लाडकं, आणि त्याला कारणं आहेत. ते काढायला सोपं. त्यात किलोमीटरची नोंद नाही, एअरबॅग नाही. शिवाय अनेक गाड्यांत समोरच्या तबकडीत एलईडी आल्यावरही एसीच्या मागे जुना बल्बच राहिला, त्यामुळे एकाच डॅशबोर्डवर दोन जातींचे उजेड नांदू लागले आणि ते डोळ्याला खुपू लागले. काम बारीक आहे. एलईडीची चिप साडेतीन मिलिमीटर लांब, २.८ मिलिमीटर रुंद. तिची दोन्ही टोकं एकदम तापवावी लागतात, म्हणून काही जण दोन हातांत दोन सोल्डरिंग आयर्न धरतात. चिपचा एक कोपरा कापलेला असतो, तो ऋण बाजूची खूण. उलटी बसली तर पेटत नाही. हीच चिप आणि तिच्यासोबतचे रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधणाऱ्याला हिशोब मात्र स्वतःच करावा लागतो. इंजिन चालू असताना गाडीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो. पांढऱ्या एलईडीला लागतात ३.२. उरलेले ११.२ व्होल्ट वीस मिलिअँपिअरवर कुठेतरी जिरवायचे, म्हणजे ५६० ओहम. जिरणारी शक्ती ०.२२ वॉट भरते, म्हणून पाव वॉटचा रेझिस्टर काठावर राहतो. अर्ध्या वॉटचा घ्यावा. तीन एलईडी एकामागे एक जोडले तर २४० ओहम पुरतात, पण इंजिन बंद असताना दाब बाराला आला की प्रवाह निम्मा होतो आणि चावी फिरवून गाडी सुरू करताच पॅनल एकदम उजळतं. ज्याला हे खटकतं, त्याने प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर द्यावा.

कायद्याचा आक्षेप उरतो. मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा रोख नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर आहे. पॅनलमागच्या दिव्याचा रंग त्या पुस्तकात नसतो. पण समोरच्या तबकडीतल्या खुणांची गोष्ट निराळी. हाय बीमचा निळा, इंडिकेटरचा हिरवा, ब्रेक आणि ऑइलचा लाल हे रंग ठरलेले आहेत, जगभर एकाच अर्थाने वाचले जातात, आणि त्यांच्यावर कोणाच्याही आवडीचा हक्क नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीची वायर कापणंही शहाणपणाचं नाही. कापायची गरजही पडत नाही, कारण जुन्या बल्बच्याच खोबणीत बसणारे एलईडी मिळतात. खरी अडचण खोबणीत नसून उजेड कसा पसरतो यात आहे. बल्ब चहूकडे उजेड फेकायचा, एलईडी समोर फेकतो. त्यामुळे एसीच्या बटणावर मधोमध पांढरा ठिपका आणि कडेची अक्षरं अंधारात, असं होतं. गोल डोक्याचा एलईडी असेल तर त्याचं डोकं बारीक पॉलिश पेपरने घासून दुधी करतात. चिप असेल तर वर दुधी प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. मग क्लिपा दाबण्याआधी, खोलीतला दिवा मालवून, तापमानाचं बटण एकदा पूर्ण थंडीकडे आणि एकदा पूर्ण उष्णतेकडे फिरवून पाहायचं. निळा दिसला पाहिजे आणि लालही.